मोबाइलवर झालेली मंडळाची निवडणूक: ऑनलाइन मतदान सेवेचा अनुभव

इंदूरमधल्या आमच्या जुन्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक या वर्षी पहिल्यांदाच मोबाइलवर झाली. एका कंपनीची ऑनलाइन मतदान सेवा घेतली, माणशी २५ रुपये. नाव लिहीत नाही. अशी सेवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळांनी आणि सोसायट्यांनी आधी काय विचारून घ्यावं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी सरकारी शाळेतली निवृत्त शिक्षिका. निवडणुकीची ड्यूटी चारदा केली, शेवटची २०१८च्या विधानसभेला, पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राची प्रमुख म्हणून. नेहरू स्टेडियमवरून मशीन घेऊन बसने केंद्रावर जायचं, रात्री शाळेच्याच वर्गात अंग टाकायचं आणि पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचा. त्यामुळे मतदान म्हटलं की माझी नजर आपोआप काही ठरावीक गोष्टी शोधते.

आधी चांगलं सांगते. पुण्या-बंगळुरात स्थायिक झालेल्या आमच्या सभासदांनी कित्येक वर्षांनी मत दिलं. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे हॉलचे जिने चढू न शकणाऱ्या काकूंनी घरबसल्या दिलं. एरवी रविवारी दीडशे माणसं जमली तरी खूप, या वेळी चारशेच्या वर मतं पडली. लिंक वेळेवर आली, ओटीपी लगेच आला, एकदाही काही अडकलं नाही. स्क्रीनवर हिंदी आणि इंग्रजी होतं, मराठी नव्हतं. मराठी मंडळाच्या निवडणुकीत ते मला फार लागलं.

आता खटकलेलं. मतदानाच्या दिवशी शेजारी वाटीभर साखरांबा द्यायला गेले होते. तिथले आजोबा ८४ वर्षांचे, त्यांचा ओटीपी सुनेच्या फोनवर आला. मुलाने फोन हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, अध्यक्षपदाला कोणाला देऊ?" आजोबा जरा घुटमळले. उमेदवारांपैकी एक त्यांच्या व्याह्यांच्या नात्यातले, हे सगळ्यांना ठाऊक. "दे तुला वाटेल त्याला," म्हणाले. मुलाने बटण दाबलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण आजोबांचं मत गेलं ते गेलंच.

केंद्रावर मतदान सुरू होण्याआधी पुठ्ठ्याचा आडोसा नीट लागलाय ना, मागच्या खिडकीतून काही दिसत नाही ना, हे मी स्वतः तिथे उभी राहून बघायची. घरातल्या सोफ्यावर असा आडोसा कोण लावणार? एस्टोनियात २००५पासून इंटरनेटवर मतदान होतं. तिथे दिलेलं मत मुदतीत पुन्हा देता येतं आणि शेवटचं धरलं जातं, म्हणजे दबावाखाली दिलेलं मत माणसाला नंतर एकट्याने बदलता येतं. आमच्या सेवेत एकदा क्लिक केलं की विषय संपला.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. दुपारी चारच्या सुमारास मी मंडळाच्या ऑफिसात गेले. कंपनीचा मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता आणि पडद्यावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे मतांचा आकडा दिसत होता. मतदान संध्याकाळी सहापर्यंत होतं! मला धक्काच बसला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ये तो सिर्फ अ‍ॅडमिन को दिखता है." अ‍ॅडमिन म्हणजे मावळत्या कार्यकारिणीचे पदाधिकारी. त्यातले दोघे स्वतः उभे होते. कोणी मागे आहे आणि अजून कोणाकोणाला फोन करायला हवेत, हे त्यांना दोन तास आधी कळू शकत होतं. त्यांनी तसं केलं असं मी म्हणत नाही. पण हरलेल्याने तसं विचारलं तर आपण काय उत्तर देणार?

मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या भागावर, 'टोटल'चं बटण असतं. दिवसभरात ते कितीही वेळा दाबा, एकूण किती मतं पडली एवढाच आकडा दिसतो, कोणाला किती ते नाही. निकालाचं बटण ज्या कप्प्यात असतं त्यावर हिरवा कागदी सील लागतो आणि त्यावर मतदान प्रतिनिधी सह्या करतात. मतदान संपलं की एकूण आकडा १७-सी फॉर्मवर लिहून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. मोजणीच्या दिवशी तो फॉर्म घेऊनच माणसं येतात.

निकाल लागला. एका जागेचा फरक तीन मतांचा. हरलेल्या ताईंनी फेरमोजणी मागितली. त्या मुलाने तेच पान पुन्हा उघडलं, तेच आकडे आले. झाली फेरमोजणी. ताई काही बोलल्या नाहीत, पर्स उचलून निघून गेल्या. तीस वर्षं मंडळाचं काम केलेली बाई ती.

देशात मतदान यंत्रांवर वाद आहे, तो मी रिकामटेकड्यांचा मानत नाही. २०१०मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की खरं यंत्र हाती लागलं तर त्यातला भाग बदलून निकाल फिरवता येतो. निवडणूक आयोगाचं म्हणणं, यंत्राला कुठलंही नेटवर्क नाही आणि ते सीलबंद पहाऱ्यात असतं. या ओढाताणीतूनच व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत कागदी चिठ्ठीवर छापणारं यंत्र आलं, २०१३मध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये पहिल्यांदा. मतदाराला काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितलं. २६ एप्रिल २०२४ला सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागायची वाट दिली. मला स्वतःला चिठ्ठ्यांची मोजणी वाढवलेली आवडेल. मॉक पोलला प्रतिनिधींसमोर पन्नास मतं टाकून चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि आकडा जुळला की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या ऑनलाइन मतदानात मोजायला चिठ्ठीच नव्हती. मॉक पोलही झाला नाही.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ला तिथल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही मतदानाचे आणि निकालाचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत, असं न्यायालयाचं म्हणणं. आमच्या त्या ताई म्हणजे तोच साधा नागरिक.

आणखी एक. मंडळाच्या घटनेत आजही 'गुप्त मतपत्रिकेने' असं लिहिलेलं आहे, ते न बदलताच ही सेवा घेतली. १९८२मध्ये केरळच्या परवूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर यंत्रं वापरली होती. कायद्यात तशी तरतूदच नव्हती म्हणून १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथलं मतदान रद्द केलं. कागदावर फेरमतदान झालं आणि निकाल फिरला. कायदा त्यानंतर बदलला. उद्या आमच्यापैकी कोणी संस्थांच्या निबंधकाकडे तक्रार घेऊन गेलं तर मंडळ काय दाखवणार?

पाचपैकी दोन तारे, तेही परगावच्या सभासदांमुळे.

कार्यकारिणीला मी अर्ज दिला आहे: आधी घटनादुरुस्ती करा, उमेदवारांसमोर चाचणी मतदान घ्या, सहाच्या आधी आकडे कोणालाच दिसू देऊ नका, दिलेलं मत बदलायची मुभा ठेवा, आणि इंदुरातल्यांसाठी हॉलमध्ये कागदावर मतदानाची सोय करा. जुनी पत्र्याची मतपेटी परवा माळ्यावरून उतरवून घेतली. कुलूप गंजलंय, पेटी चांगली आहे.