शेतातलं हवामान यंत्र: थंडीत पैसे फेडले, उन्हाळ्यात घाम फोडला

चांदवड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आमचं सात एकर. चार एकर द्राक्षबाग, बाकी उन्हाळ कांदा. बागेचा हिशेब आणि मोबाईल दोन्ही माझ्याकडे, म्हणून हे मीच लिहितेय. डिसेंबरात यंत्र बसवलं. ३६ हजार रुपये, पहिल्या वर्षाची वर्गणी धरून. पुढे दरवर्षी साडेसहा हजार. कंपनीचं नाव देत नाही. शेजारच्या तीन बागांत तीन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं आहेत आणि रड सगळ्यांची सारखीच आहे.

थंडीत तक्रार नव्हती. पानावर ओलावा किती तास टिकला ते यंत्र सांगतं, त्यावरून डाऊनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाचा, अंदाज येतो. आमच्या तीन फवारण्या वाचल्या. औषधाचे भाव ज्याला माहीत आहेत त्याला पुढचं सांगायला नको. पण विकायला आलेला मुलगा म्हणाला होता, 'ताई, बारा महिने तुमच्या प्लॉटचं हवामान.' म्हणून उन्हाळ्याचं लिहिते.

मार्चअखेरीपासून रोज दुपारी मोबाईलवर लाल पट्टी: 'उष्णतेची लाट.' एक दिवस ४३.६ अंश. मालेगाव तापतं हे ठाऊक आहे, पण आमच्याकडे? मग जाऊन पाहिलं तर बसवणाऱ्यानं यंत्र पंपाच्या खोलीच्या पत्र्याला लागूनच ठोकलेलं! हवामान खातं तापमापक ठेवतं तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर. आमचा बिचारा पत्र्याची धग मोजत बसला होता. चार फोन केल्यावर माणूस आला, खांब बागेच्या कडेला मोकळ्यावर रोवला, आणि त्याच उन्हात आकडा अडीच अंशांनी उतरला. तुमचं यंत्र पत्र्याजवळ, काँक्रीटवर किंवा शेडनेटखाली असेल तर आधी ते हलवा, मग आकड्यांवर बोला.

लाल पट्टी मात्र चालूच राहिली, कारण त्यांनी ४० अंशाला सरसकट 'लाट' ठरवलंय. खात्याच्या हिशेबात सपाट भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. किंवा मग थेट ४५. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे ४० म्हणजे नेहमीचा दिवस. रोज लांडगा आला म्हटल्यावर आम्ही पट्टी बघायचीच सोडली. कामाच्या वेळा तशाही ठरलेल्या आहेत. बाया सहाला येतात, अकराला घरी.

आता वळवाचं. ९ मेला साठेक क्विंटल कांदा काढून शेतात पातीखाली झाकून पडला होता. सकाळी यंत्राचं अ‍ॅप म्हणालं, पावसाची शक्यता २० टक्के, ०.४ मिलिमीटर. हवामान खात्याचा नाशिकला पिवळा इशारा होता: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, सोसाट्याचा वारा. तुरळक म्हणजे २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. जिल्ह्यात पंधरा तालुके, इगतपुरीचं टोक कुठं आणि नांदगावचं कुठं! तेव्हा पिवळ्या रंगावरून आपल्या बांधाचं कळत नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. माझ्या प्लॉटचं सांगायचे पैसे मी दुसऱ्यालाच दिले होते.

आबा, म्हणजे माझे सासरे, ढग बघून म्हणाले, 'ह्यात काही दम नाही, नुसता देखावा.' तीनला मोबाईलवर दामिनी वाजलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे विजेचं अ‍ॅप फुकट आहे. ते अंदाज करत नाही. वीज पडली की जमिनीवरचे सेन्सर ती टिपतात, आणि आपल्यापासून २० किलोमीटरच्या आत की ४० च्या, ते नकाशावर दिसतं. मनमाडच्या बाजूला ठिपके दिसत होते. त्या दिवशी बाया जास्त वेळ थांबल्या होत्या आणि चहाला आंब्याखाली बसणार होत्या. त्यांना हाका मारून घरात घेतलं. जमेल तेवढ्या कांद्यावर ताडपत्री ओढली. तीन चाळीसला वारा आला आणि दोन ताडपत्र्या द्राक्षाच्या तारांवर जाऊन अडकल्या. वीसेक क्विंटल भिजला.

रात्री यंत्राचा आलेख उघडला. काय सुंदर नोंद! वाऱ्याचा झोत ताशी ५८ किलोमीटर, तापमान बारा मिनिटांत ४० वरून २५, पाऊस ३१ मिलिमीटर. पडून गेलेल्या पावसाबाबत यंत्र बिनचूक आहे. २० टक्के म्हणजे पाचांत एकदा, ते मलाही कळतं. पण ताडपत्री टाकायला दोन तासांची मजुरी लागते आणि न टाकली तर कांदा सडतो, तेव्हा २० टक्क्यांना टाकायची हे आता माझं मीच ठरवलंय.

सगळ्यात राग आला तो वणव्याचा. २४ एप्रिलला दुपारी डोंगराचं गवत पेटलं. वणवा चढाला पळतो आणि उताराला रांगतो, म्हणून आधी आम्ही निवांत होतो. पण वारा फिरला. निरगुडीचे फाटे घेऊन पंधरा-वीस जणांनी झोडपून तो बांधाशी अडवला. तिथं आम्ही फेब्रुवारीत आठ फुटांचा पट्टा नांगरून ठेवला होता, त्याचाच आधार. तरी कडेच्या दोन ओळींच्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, वितळल्या. आलेखात पाहिलं तर दुपारी दोनलाच आर्द्रता ११ टक्क्यांवर आणि वारा ताशी २२. वाळलेलं गवत, कोरडी हवा, वारा. तिन्हींपैकी दोन गोष्टी यंत्र दर पंधरा मिनिटांनी मोजत होतं आणि मला मात्र भुरी रोगाचा सल्ला पाठवत होतं. कंपनीला फोन केला. उत्तर: 'मॅडम, आगीचा ऑप्शन नाही आपल्यात.'

भारतीय वन सर्वेक्षणाचे वणव्याचे संदेश नोंदणी केली की मोबाईलवर येतात. ते उपग्रहावरून येतात, म्हणजे आग दिसल्यावर. पेटण्याआधीचं मला हवं होतं. शेवटी भाच्यानं सेटिंगमध्ये शोधलं की रोगासाठी जशी मर्यादा घालता येते तशी कुठल्याही आकड्याला घालता येते. आर्द्रता २० च्या खाली आणि वारा १५ च्या वर गेला की आता माझा फोन वाजतो. त्या दिवशी बांधावर पाचट पेटवायचं नाही आणि फवारणीचा टँकर भरून डोंगराच्या बाजूला उभा करायचा. मे महिन्यात सहा वेळा वाजला. ही सोय माहितीपुस्तकात कुठंही लिहिलेली नाही!

पाचपैकी तीन तारे. दोन थंडीचे, एक भाच्याचा.

वर्गणीचा फोन आलाय. मी सांगितलं, आधी माणूस पाठवा. पर्जन्यमापकात चिमणीनं काड्या भरल्यात आणि परवाच्या सरीला यंत्र शून्य दाखवत होतं. मग साडेसहा हजारांचं बोलू.