मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश ऑनलाइन, जुन्या शब्दांसाठी बेस्ट

‘शिंदळकी’सारखा जुना शब्द वाचताना अडला की मी थेट शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थ उघडते, १८५७ ची दुसरी आवृत्ती, पूर्ण फ्री आहे आणि सर्च पण मस्त चालतो. शिंदळकी म्हणजे व्यभिचार, लंपट वागणं, ‘शिंदळकी करणे’ असा वापर. आता तो शिवीसारखाच वाटतो आणि बहुतेक वेळा बाईलाच चिकटवतात, पुरुषाला मात्र ‘रंगेल’, ‘बाहेरख्याली’ असं जरा सौम्य काहीतरी, हा भेदभाव मला खरंच खटकतो.

कोशात सगळे अर्थ इंग्रजीत आहेत, तेही जुन्या वळणाच्या इंग्रजीत, त्यामुळे नवख्याला जड जातं. तरी असे शब्द गाळले नाहीत यासाठी पाच स्टार.