बत्तीस नग दिले, सहा परत आले

आमचं घर 1924 सालचं, मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या जवळ. घेतलं तेव्हा तळघरात भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी झडपांचा ढीग पाहून मला वाटलं, आधीच्या मालकांनी भंगार आमच्या गळ्यात मारलंय. शेजारचे आजोबा आले आणि म्हणाले, अहो, हे तुमच्या घराचे कपडे आहेत. सोळा थंडीचे, सोळा उन्हाळ्याचे.

इकडे जुन्या घरांना अशीच सोय असायची. थंडी सुरू झाली की मूळ खिडकीच्या बाहेरून काचेची दुसरी झडप टांगायची, तिला स्टॉर्म म्हणतात. वर दोन हूक, खाली आतून अडकवायची कडी. मध्ये जी हवा कोंडते तीच घराची गोधडी. एप्रिल-मेमध्ये शिडी लावून ती उतरवायची आणि तिथे जाळीची झडप टांगायची. प्रत्येक झडपेवर पत्र्याचा एक गोल खिळा, त्यावर आकडा, आणि तोच आकडा चौकटीवर. कारण शंभर वर्षांत घर बसतं, कलतं, कुठल्याच दोन चौकटी सारख्या राहत नाहीत. सात नंबरची झडप सातलाच बसते. हे तेव्हा मला नीट समजलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

झडपांची अवस्था वाईट होती. काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, सुटलेली, रंगाचे पापुद्रे, जाळ्या फाटलेल्या. विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नव्या खिडक्या विकणारा एकजण येऊन गेला होता आणि त्याचा आकडा ऐकून आम्ही दोघं रात्री नीट झोपलो नव्हतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये जेव्हा एक गृहस्थ आले, झडपेवरून हात फिरवून म्हणाले, "असा पाइन आता जंगलात उरलेला नाही," आणि नगाला 130 डॉलर सांगितले, तेव्हा आम्हाला देव भेटला. बोलणं गोड, नखांत रंग. मला तर वाईच्या आमच्या सुतारकाकांची आठवण आली.

पहिल्या सहा झडपा त्यांनी नेल्या आणि दोन आठवड्यांत आणून दिल्या. काम खरंच सुंदर होतं, आजही आहे. लांबी हाताने ओढलेली, कडा सुरीसारख्या, काच तीच जुनी. 780 डॉलर मी आनंदाने दिले, वर चहा पाजला. आता वाटतं, त्या सहा झडपा म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. की तेव्हा तो खरंच प्रामाणिक होता आणि नंतर बिघडला? माझा नवरा अजून दुसऱ्या पक्षात आहे.

मग उरलेले सव्वीस नग एकदम व्हॅनमध्ये चढले. निम्मे पैसे आगाऊ, 1,690. आठवड्याने निरोप आला की जाळी ब्राँझची घालू, मूळची तशीच आहे, 700 डॉलर लागतील. दिले. कागद काहीच नाही, सगळं फोनवरच्या मेसेजवर. नंतर कळलं की या राज्यात हजार डॉलरच्या वरच्या घरकामाला लेखी करार लागतो, खास मागवायचा माल नसेल तर आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त मागता येत नाही, आणि कंत्राटदाराची नोंदणी आहे का हे दोन मिनिटांत ऑनलाइन बघता येतं. त्याची नव्हती. नोंदणी नसलेल्या माणसाला काम दिलं की राज्याच्या भरपाई निधीचा दरवाजाही बंद. म्हणजे आमची चूक दोनदा मोजली गेली.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी दिसली होती आणि मी डोळेझाक केली. नमुना दाखवायला त्याने मागच्या ओट्यावर एक झडप कोरडीच घासली. पांढरी पूड पायरीवर पडली. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिथेच खडूने रांगोळी काढायची. घरांच्या रंगात शिसं घालण्यावर इथे 1978 मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात पैसे घेऊन रंग खरवडायला खास प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. मी प्रमाणपत्र विचारलं होतं. "दुसऱ्या गाडीत राहिलंय." दुसरी गाडी मी कधीच पाहिली नाही. मुलीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी केली, ती ठीक आली. निकालाची वाट बघतानाच्या त्या तीन दिवसांबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. कधी पाठ धरली होती, कधी पुतणीचं लग्न, कधी काच कापणाऱ्याचं दुकान बंद. नोव्हेंबरच्या शेवटी, साडेचारला अंधार पडतो तेव्हा, तो दहा स्टॉर्म घेऊन आला, टांगल्या आणि आणखी 600 मागितले. बाहेर कडाका होता, मला दार लावायचं होतं. दिले. एकूण 3,770.

सकाळी उजेडात बघितलं. जुन्या काचेतून पलीकडचा मेपल बघत डोकं हलवलं की झाड पाण्यातल्यासारखं हेलकावतं. या काचांतून झाड ढिम्म उभं. एक झडप उतरवली तर हातात कागदासारखी हलकी. जुन्या पाइनच्या रेषा इतक्या दाट की मोजता येत नाहीत, हिच्यात बोटभर अंतरावर. कोपऱ्यात कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, नाही, आरपार लाकडी खुंटी नाही, नुसता स्क्रू आणि वर भरलेला मसाला. अळशीच्या तेलाची लांबी वर साय धरायलाच कित्येक दिवस घेते. ही ट्यूबमधली होती, नखाने ओढली तर रबरासारखी निघाली. खालच्या पट्टीला ओल बाहेर पडायची भोकंही पाडलेली नव्हती, त्यामुळे जानेवारीत आतून बर्फ साठला आणि रंगाला फोड आले. आणि आकड्याचे खिळे! कोरे करकरीत, दुकानातल्या पुडीतले. एक तर उलटा ठोकलेला, त्यामुळे आमच्या घराला दोन नऊ होते आणि सहा एकही नव्हता. इतक्या संतापातही नवरा हसला. मी नाही हसले.

सोळा जाळ्या आल्याच नाहीत. फोन बंद. पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, तो पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. सात हजार डॉलरपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या कोर्टात जातात, पण समन्स बजावायला माणूस सापडावा लागतो.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती पैशांवर एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "लाकूड घराबाहेर कशाला जाऊ दिलंस?" वाईला सुतारकाका आमच्या पडवीतच रंधा मारायचे, आणि आजी तांदूळ निवडायचं निमित्त करून समोरून हलायची नाही. मला ते तेव्हा अपमानास्पद वाटायचं. काकांना वाटत नसावं, ते आजीकडूनच तंबाखू मागायचे.

तुमच्याकडे असं जुनं घर असेल तर एका वेळी चारच झडपा द्या, आधीच्या चार परत टांगून झाल्याशिवाय पुढच्या हलवू नका. देण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा: कोपरा, आकडा, काचेतला बुडबुडा. आतल्या कडेला, दिसणार नाही अशी स्वतःची खूण करा. आमच्या एका झडपेवर आधीच्या कुणीतरी तशी पेन्सिलने केली होती, म्हणून तर पुढचं घडलं.

मे महिन्यात तासाभराच्या अंतरावर जुन्या घरांचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथे दाराच्या मुठी बघायला गेलो होतो. भिंतीशी काचेच्या झडपांची रांग. लग्नाचे फोटो लावायला लोक नेतात म्हणे. एकीच्या वरच्या कडेला पेन्सिलने "पँट्री", म्हणजे कोठीची खोली, असं लिहिलेलं, आणि गंजलेल्या खिळ्यावर 11. दुकानदाराने ती कुणाकडून घेतली ते सांगितलं नाही. रोखीत घेतो, नावं विचारत नाही म्हणाला. सिद्ध काय करणार? आमच्याकडे तिचा फोटो नव्हता.

किंमत 65 डॉलर. नवऱ्याने घासाघीस करून पाच कमी केले. घरी येऊन अकरा नंबरच्या चौकटीच्या हुकांना अडकवली, खट्‌ आवाज आला आणि बसली.