बॅरोनेस: सहा महिने ऐकून आणि बघून झाल्यावर

खरं सांगायचं तर बॅरोनेस हा रॉक बँड मी आधी ऐकला नाही, बघितला. कुणाच्यातरी स्टोरीवर एक जांभळं कव्हर दिसलं, बायका, फुलं, वेलबुट्टी, सगळं इतकं भरगच्च की मला आमच्या माळ्यावरचे जुने दिवाळी अंकच आठवले, दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांचे, म्हटलं हे काय रॉकचं कव्हर आहे का. ते निघालं बॅरोनेसच्या ‘पर्पल’ अल्बमचं, २०१५ च्या.

बँड अमेरिकेतल्या सव्हॅना शहराचा, आणि गंमत म्हणजे चित्रं काढणारा आणि गाणारा माणूस एकच, जॉन बेझली, गिटारही वाजवतो. २००७ च्या ‘रेड’पासून प्रत्येक अल्बमला रंगाचं नाव, २०१९ च्या ‘गोल्ड अँड ग्रे’पर्यंत. मग २०२३ ला ‘स्टोन’ आला, रंग संपले.

सुरुवातीला मला पर्पल नुसता दणदणीत वाटला, बास. मग वाचलं की २०१२ मध्ये इंग्लंडात बाथजवळ उतारावर त्यांच्या बसचे ब्रेक गेले आणि बस पुलावरून खाली पडली, बेझलीचा डावा हात आणि पाय मोडला, ड्रमर आणि बेसवाल्याच्या मणक्यांना फ्रॅक्चर, ते दोघं पुढे बँड सोडून गेले. पर्पल हा त्यानंतरचा पहिला अल्बम. आता ‘क्लोरीन अँड वाइन’ लावलं की ते हळू हळू चढत जाणं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गाणं, दर वेळी पोटात काहीतरी होतंच.

माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायला टर्नटेबल नाही तरी पर्पलचा एलपी मागवला (हसा). पहिला आला तो कोपरा चेपलेला, परत पाठवून दुसरा मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. पण फोनवर जे चित्र नखाएवढं दिसतं ते बारा इंचांत बघायचं म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. लांबून नुसत्या सुंदर बायका, जवळ गेलं की एकेक रेघ वळत वळत कुठे जाते ते शोधत बसतो आणि तेवढ्यात फोनवर अख्खी साइड ऐकून होते.

तक्रार एकच, गोल्ड अँड ग्रेचा आवाज. गाणी चांगली आहेत हो, पण सगळं फाटल्यासारखं, गढूळ, हेडफोनवर चौथ्या गाण्याला कान शिणतात. सुरुवात त्याने करू नका. आधी पर्पल, आणि जड आवाज झेपत नसेल तर २०१२ चा ‘यलो अँड ग्रीन’, डबल अल्बम आहे, बराच मऊ.

बेझली दुसऱ्या बँडांचीही कव्हरं करतो, त्या नादात नॉर्वेचा क्वेलेरटाक सापडला. तीन गिटार, बहुतेक गाणी नॉर्वेजियनमध्ये, अक्षर कळत नाही पण भांडी घासताना जबरदस्त. त्यांच्या २०१० च्या पहिल्या अल्बमचं कव्हरही बेझलीचंच. तोही एलपी घ्यायचाय, पण आई भिंतीला दुसरा खिळा मारू देत नाहीये, आधीच टांगलेल्या पर्पलकडे बघून रोज विचारते, हिच्या केसांत साप आहे का वेल?