ग्रॅनाडाची शेरलॉक होम्स मालिका: मूळ कथांच्या शेजारी ठेवून

ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९८४ ते १९९४ या काळात आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स-कथांवर ४१ भागांची मालिका केली. जेरेमी ब्रेट यांच्या होम्सचे कौतुक सर्वत्र होते आणि ते रास्तच आहे. परंतु मूळ कथा वाचून मालिका पाहणाऱ्याला तिचे खरे बळ तिच्या मापात जाणवते. एका बैठकीत वाचून होणारी कथा सुमारे ५० मिनिटांच्या भागात फारशी ताणावी वा कापावी लागत नाही.

बदल अर्थातच आहेत. ‘मसग्रेव्ह रिच्युअल’ या कथेत होम्स तरुणपणीचे एक प्रकरण वॉटसनला सांगतो, म्हणजे वॉटसन त्या तपासात नसतोच. १९८६ च्या भागात मात्र तो होम्ससोबत हर्लस्टनला, म्हणजे मसग्रेव्ह घराण्याच्या वाड्यावर, जातो, आणि ऐकीव हकिकत डोळ्यांसमोर घडू लागते. हा बदल पडद्याला आवश्यकच होता. कथेत घराण्याच्या जुन्या कोड्यातली जागा शोधताना, तोडलेल्या एल्मची उंची ६४ फूट होती, एवढ्या माहितीवरून, सहा फुटी काठीची सावली नऊ फूट पडते हे मोजून, होम्स त्या झाडाची सावली ९६ फूट ठरवतो. हे गणित वाचताना जो आनंद मिळतो, तो कागदावरच अधिक आहे. शेवट तर मला कथेतलाच पटतो: तेथे वाड्यावरची मोलकरीण रेचल नाहीशी होते आणि पुन्हा तिचा ठावठिकाणा लागत नाही, तर मालिका तिचे प्रेत दाखवून ते गूढ मिटवून टाकते.

‘रेड-हेडेड लीग’मध्ये उलट घडते. कथेत जॉन क्ले स्वतःच बँकफोडीचा सूत्रधार आहे. मालिकेने त्याच्यामागे होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी याला उभे केले आणि लगेच पुढच्या भागात रायखेनबाख धबधब्यावरच्या त्या दोघांच्या झुंजीचा प्रसंग आणला. डॉयल यांनी मोरियार्टीला ‘फायनल प्रॉब्लेम’मध्ये जवळजवळ अचानक आणले होते, ती उणीव येथे भरून निघते.

१९९३ चा दीर्घ भाग ‘लास्ट व्हँपायर’ मात्र निराश करतो. ‘ससेक्स व्हँपायर’ ही अत्यंत आटोपशीर कथा आहे: खिडकीच्या काचेत उमटलेला मुलाचा चेहरा पाहून होम्सला त्याचा तान्ह्या सावत्र भावाबद्दलचा मत्सर कळतो. चित्रपटाएवढी लांबी भरण्यासाठी स्टॉक्टन नावाचे नवे पात्र घातले गेले आणि घरातले ते दुःख बाजूला पडले.

डेव्हिड बर्क आणि त्यांच्यानंतर एडवर्ड हार्डविक, या दोघांनीही वॉटसनला कथांमधला समंजस डॉक्टर म्हणून उभे केले आहे. नव्या प्रेक्षकाने पहिल्या १३ भागांपासून सुरुवात करावी, आणि ‘मसग्रेव्ह रिच्युअल’ पाहण्यापूर्वी मूळ कथा अवश्य वाचावी.