वाझूमध्ये स्वतःचे रूल लिहून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमचं युनिट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. मशिन शॉप, छोटं ऑफिस, नऊ सर्व्हर, दोन फायरवॉल आणि आयटी खातं म्हणजे मी आणि एक ट्रेनी पोरगा. लॉग, म्हणजे मशिनवर काय घडलं त्याच्या नोंदी, बघायला सवड कुणाला नव्हती, म्हणून वाझू बसवलं. हे सॉफ्टवेअर सगळ्या मशिनचे लॉग वाचतं, रूलशी ताडतं आणि काही संशयास्पद दिसलं की अलर्ट देतं. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, २०१५ साली ओएसएसईसी या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालेलं. २५ एजंटांपर्यंत (एजंट म्हणजे प्रत्येक मशिनवर बसणारा त्याचा छोटा प्रोग्राम) ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि तीन महिन्यांच्या अलर्टसाठी ५० जीबी डिस्क पुरते असं त्यांच्या माहितीत लिहिलंय. आमचं त्यातच भागतं. बसवणं एका दुपारचं काम.

खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. तयार रूल भरपूर येतात; प्रत्येकाला नंबर असतो आणि लेव्हल, म्हणजे गांभीर्याचा आकडा. नसलेल्या युजरच्या नावानं एसएसएच (दुसऱ्या मशिनवरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लॉगिनचा प्रयत्न झाला की रूल ५७१०, लेव्हल ५. तेच एका आयपीवरून दोन मिनिटांत आठ वेळा झालं की ५७१२, लेव्हल १०. मेल मात्र मुळात लेव्हल १२ पासूनच येतो. मी नव्याच्या हौसेनं तो आकडा ५ वर आणला. तासाला १२ मेलची मर्यादा आहे, उरलेले तासाच्या शेवटी गठ्ठ्यानं येतात; तरी तिसऱ्या दिवशी मी न वाचताच डिलीट करत होतो.

त्यातले निम्मे मेल एका बॅकअप मशिनचे होते. मी 'हुशारी' केली. ५७१० खाली पोटरूल लिहिला, त्या मशिनचा आयपी घातला, लेव्हल ० दिली, म्हणजे अलर्टच नाही. शांत झालं. महिन्याभरानं एक जुनी ड्रॉइंग फाइल परत काढायची वेळ आली, तेव्हा कळलं की बॅकअपची स्क्रिप्ट काढून टाकलेल्या युजरच्या नावानं दार ठोठावत होती आणि महिनाभर एकही कॉपी झालेली नव्हती. वाझू बरोबर ओरडत होतं, तोंड मी दाबलं होतं. आता लेव्हल ० देताना बाजूला कॉमेंट लिहितोच: का गप्प केलं आणि कधीपर्यंत.

लेव्हल मालकांना समजावताना पंचगंगेवरचा राजाराम बंधारा कामाला आला. कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथं पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ ला धोका. म्हटलं, साहेब, आमची १० म्हणजे एकोणचाळीस आणि १२ म्हणजे त्रेचाळीस. ते म्हणाले, "मग पाऊस पडला म्हणून मला उठवू नकोस. त्रेचाळीसला गेलं की उठव." एवढी स्पष्ट पॉलिसी मला कुठल्या कन्सल्टंटनं दिली नव्हती.

आता माझ्या आवडीचा रूल. आमची सुट्टी सोमवारी. एसएसएच लॉगिन यशस्वी झालं की ५७१५ लागतो, लेव्हल ३. त्याच्या पोटात माझा १००१०० नंबरचा रूल: वार सोमवार, लेव्हल १२. आपले नंबर १००००० ते १२०००० मध्येच घ्यायचे आणि लोकल रूल्सच्या फाइलीत लिहायचे. मूळ रूलच्या फोल्डरमध्ये हात घातलात तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं.

दुसरा रूल रात्री ८ ते सकाळी ७ च्या लॉगिनचा. त्यानं रोज सकाळी अख्ख्या ऑफिसला चोर ठरवलं. वेळ मॅनेजरच्या (वाझूचा मुख्य सर्व्हर) घड्याळाची धरली जाते आणि माझा सर्व्हर यूटीसीवर होता, म्हणजे साडेपाच तास मागे. रूल वाजत होता मध्यरात्री दीड ते दुपारी साडेबारा. टाइमझोन आधी बघा.

रेजेक्सनं, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या खुणांच्या भाषेनं, सर्वात जास्त छळलं. फायरवॉलसाठी डीकोडर (लॉगच्या ओळीतून आयपी, युजर असे तुकडे वेगळे काढणारा भाग) लिहिताना सवयीनं डॉट-स्टार, म्हणजे 'काहीही चालेल', घातलं, काहीच सापडेना. इथल्या मूळ रेजेक्समध्ये उलटं आहे: नुसता डॉट म्हणजे डॉटच, आणि कोणतंही अक्षर हवं तर बॅकस्लॅश-डॉट. दोन रात्री गेल्या. आता सरळ पीसीआरई२ हा नेहमीच्या सवयीचा रेजेक्स प्रकार लावतो. वाझू-लॉगटेस्ट हे तपासणीचं साधन मात्र झकास. लॉगची ओळ चिकटवा, कुठला डीकोडर, कुठला रूल, लगेच दिसतं. रूल बदलला की मॅनेजर रीस्टार्ट करावा लागतो आणि एक्सएमएलचा (रूल ज्या स्वरूपात लिहितात ते) एक टॅग उघडा राहिला तर तो उठतच नाही, म्हणून आधी इथं तपासायचं.

तक्रारी दोन. मेलला पासवर्डवाला एसएमटीपी (मेल पाठवणारा सर्व्हर) थेट चालत नाही, मध्ये पोस्टफिक्स हा मेल पुढे ढकलणारा प्रोग्राम बसवावा लागतो. दुसरी मोठी: रूल ज्याला लागला नाही तो लॉग मुळात साठवलाच जात नाही, 'लॉगऑल' हे सेटिंग आपण सुरू करायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, त्यामुळे डिस्कचा हिशेब बदलतो. आम्ही २ टीबीची वेगळी घेतली.

गेल्या महिन्यात सोमवारी दुपारी १००१०० वाजला. सॉफ्टवेअर पुरवठादाराचा माणूस न सांगता ईआरपीच्या (कंपनीचा हिशेब-स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर शिरला होता. काम खरं होतं, पण कळवलं कुणालाच नव्हतं. मालकांना फोन केला.

"किती फुटाला?"

"त्रेचाळीस."

"बंद कर अकाउंट."

आता सोमवारी काम असलं तर त्यांचा माणूस शनिवारीच फोन करतो.