नावाचा कॅमेलिया की बिननावाचा?

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या जुन्या वस्तीत घर घेतलं की अंगणात एखादा कॅमेलिया (हिवाळ्यात फुलणारं शोभेचं झाड) आयताच मिळतो. १८५२ मध्ये जेम्स वॉरन नावाच्या बॉस्टनच्या बियाणेवाल्याने ही रोपं इथे आणली, आणि गावाने ती इतकी लावली की ‘कॅमेलिया सिटी’ हे टोपणनावच पडलं. आमच्याकडेही उत्तरेच्या भिंतीला एक होता, पार पन्हळीपर्यंत गेलेला. गुलाबी फूल, त्यावर गडद रेघा, मधे पिवळ्या केसरांचा झुपका. नाव काय, ते घर विकणाऱ्या आजीबाईंनाही ठाऊक नव्हतं. ‘आम्ही आलो तेव्हापासून आहे’, एवढंच.

पुढच्या अंगणात दुसरं झाड लावायचं ठरलं तेव्हा दोन वाटा होत्या. नर्सरीतून नावाची पट्टी लटकवलेलं रोप आणायचं, किंवा भिंतीलगतच्या या म्हाताऱ्याचीच गुटी बांधायची, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून नवं रोप करायचं. मी अधीर माणूस, दोन्ही केलं.

नर्सरीतून ‘अल्बा प्लेना’ आणली. चीनमधून १७९२ साली इंग्लंडला पोचलेली जात; पांढरीशुभ्र, पाकळीवर पाकळी इतकी नेटकी रचलेली की मेणाची वाटावी. नावाच्या रोपाचा फायदा खोटा नाही. काय येणार, कधी येणार, झाड किती वाढणार हे आधी कळतं. कळ्यांसकट आणलं तर त्याच हिवाळ्यात फुलतं. मेलंच तर तेच पुन्हा मिळतं. वर पाहुण्यांनी नाव विचारलं की उत्तर तयार.

गुटीचं तसं नाही. बिया लावून उपयोग नसतो, बियांचं झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. एप्रिल-मेमध्ये पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल सोलायची, खालचा बुळबुळीत थर खरवडून काढायचा, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. डाळिंबाला बांधतात तशीच. फक्त इथल्या उन्हात वरून चांदीचा कागद लागतो, नाहीतर आतलं मॉस शिजतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुळं दिसली की कापून कुंडीत. पाचपैकी माझ्या तीन लागल्या, आणि त्यातल्या एकीला पहिलं फूल यायला तिसरा हिवाळा उजाडला. तेवढा धीर नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, पट्टीवालं रोप आणा.

नाव शोधायचा प्रयत्नही करून झाला. इथे १९२४ पासून कॅमेलियाचं प्रदर्शन भरतं. तिथे डब्यात ओल्या कापसावर तीन फुलं घेऊन गेलो. एका जाणकारांनी एक नाव सांगितलं, दुसऱ्यांनी दुसरं. तिसऱ्यांनी फूल उलटं करून देठ पाहिला आणि म्हणाले, कुणाच्या तरी अंगणात बी पडून उगवलेलं असेल, सोडून द्या. फोटो ताडून पाहण्यातही अर्थ नसतो. एकाच झाडाची एखादी फांदी वेगळ्याच रंगाची फुलं देऊ लागते, आणि पाकळीवरचे पांढरे ठिपके कधीकधी निव्वळ विषाणूची करामत असते.

आता माझं खरं दुखणं. अल्बा प्लेना फुलली, दोन दिवस अंगण उजळलं, मग जानेवारीचा पाऊस लागला. प्रत्येक फूल चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं (चहा याच कुळातला, पण म्हणून इतकं साम्य नको), आणि तसंच फांदीला लटकून राहिलं. गळेना. शेजारच्या कळ्या उमलत होत्या, पण बघणाऱ्याची नजर जायची ती त्या चोथ्यावरच. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी स्टुलावर चढून मेलेली फुलं खुडायची. दोन हिवाळे खुडली. चूक थोडी माझीही होती: रोप पूर्वेला लावलेलं, दहिवर पडलेल्या फुलावर सकाळचं ऊन थेट यायचं. मग ते वळचणीखाली हलवलं. करपणं कमी झालं, लटकणं तसंच राहिलं.

म्हाताऱ्याचं फूल मात्र अजून टवटवीत असतानाच अख्खं गळतं, तेही बहुतेक वेळा तोंड वर करून. सकाळी भिंतीखाली पारिजातकासारखा सडा. पाऊस त्यालाही झोडपतो, पण गुलाबीवर डाग चटकन दिसत नाहीत आणि डागाळलेलं फूल झाडावर रेंगाळत नाही. शिवाय पाकळ्या कुजवणाऱ्या बुरशीपायी खालची फुलं दोघांचीही उचलावीच लागतात. फूल मध्यापासून तपकिरी होत गेलं, पाकळीच्या शिरा उठून दिसल्या आणि देठाशी करडं-पांढरं कडं दिसलं, की समजा बुरशी. असली फुलं खताच्या खड्ड्यात नाही, थेट कचऱ्यात. तिच्या गाठी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. पण झाडूने गोळा करणं वेगळं आणि स्टुलावर चढून खुडणं वेगळं.

वास दोघांनाही नाही, त्या बाबतीत बरोबरी. पाणी-मातीचं कौतुक दोघांचं सारखंच: आम्लधर्मी माती, दुपारची सावली, मुळांचा गोळा जमिनीपेक्षा बोटभर वरच. फरक एवढाच की म्हाताऱ्याने इथले चाळीस अंशांचे उन्हाळे कितीतरी काढलेत. पट्टीवर लिहिलेल्या माहितीपेक्षा मला तो दाखला भरवशाचा वाटतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. सगळ्याच पांढऱ्या जाती अशा लटकत असतील असं मी म्हणत नाही, आणि सगळीच जुनी झाडं इतकी शहाणी नसतात. घर भाड्याचं असेल तर गुटीच्या भानगडीत पडूच नका. पण अंगणात असं झाड आधीच असेल, तर नर्सरीत जाण्याआधी एक हिवाळा त्याच्याखाली काय पडतं ते बघा.

आई डिसेंबरात आली की तीन महिने राहते. पडलेलं फूल देवाला चालत नाही हे तिनेच मला लहानपणी शिकवलेलं. गेल्या जानेवारीत गुटीच्या झाडाखालची दोन फुलं तिने उचलली, मागून-पुढून पाहिली, धुतली आणि तबकात ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘‘प्राजक्ताचं चालतं ना? मग याचंही चालेल.’’